सहा मिनिटं हात मागे

पिंपळटोल्याचा बुधराम नान्हे फौजेतून हवालदार म्हणून घरी आला आणि गावानं त्याला पुढं हवालदारच म्हटलं. त्याच्या संगतीनं भरती झालेले साकोलीकडचे दोघे नायब सुभेदार होऊन आले होते. त्यामुळं पानठेल्यावर एखादा आगाऊ माणूस हमखास विचारायचा, "काय गा हवालदार, तुमालेच काहून नाही देल्ली सुभेदारी?" बुधराम म्हणायचा, "सूर्य आडवा आला." लोक हसायचे. लोकांचं काय, लोक कशालाही हसतात. पण तो थट्टा करत नव्हता, हे त्याच्या घरच्यांना ठाऊक होतं.

पिंपळटोला सानगडीपासून दोन कोसांवर, मोठ्या तलावाच्या पाळीला चिकटलेला. निम्मी वस्ती शेतकऱ्यांची, निम्मी ढिवरांची. नान्हे ढिवरांपैकी. बाप लवकर गेला. धाकटा सुखराम डोंगा घेऊन तलावात जाळं टाकायचा आणि माय रेवताबाई डोक्यावर टोपलं घेऊन मासोळी विकायची. बुधराम तेवढा शाळेत टिकला. मॅट्रिक झाला, आणि कुणाचा रेडिओ खरखरला की लोक तो त्याच्यापुढं आणून टाकू लागले. बाहत्तर साली भंडाऱ्याला भरती निघाली, हा गेला आणि फौजेच्या संदेश पोचवणाऱ्या सिग्नल शाखेत लागला. जबलपूरला शिकला, डोंगरात राहिला, वाळूत राहिला. त्र्याऐंशी साली त्याला निवडून उपग्रहाच्या कामावर टाकलं.

सुट्टीवर आला तेव्हा मायनं विचारलं, "तू तिथं करतेस तरी काय, बाबू? बंदूक नाही का तुयापाशी?"

"बंदूक आहे माय, पण काम दुसरंच. वर आभाळात, छत्तीस हजार किलोमीटरवर एक पेटी हाये. आम्ही खालून बोल फेकतो, ते ती पेटी दुसरीकडं टाकते. तिकून आलेला बोल मी धरतो."

रेवताबाईनं क्षणभर विचार केला. "म्हणजे तू बी ढिवरच राहिला. सुखऱ्या खाली जाळं टाकते, तू वर टाकतेस. पकडून काहीच आणत नाही, एवढाच फरक."

काम मात्र जोखमीचं होतं. ट्रकामागं दहा फुटांची तबकडी, तिच्या तोंडासमोर तीन दांड्यांवर बसवलेली एक छोटी पेटी, आणि आत ट्रकमध्ये सेट. आभाळातून येणारा बोल इतका बारीक की तो मोठा करायला तबकडीच्या तोंडाशी खास डबी लागते. ती एक बिघडली तर शेजारी दुसरी असते, खटका फिरवला की ती चालू. सेट चालवायचा तोही बुधरामनं आणि बिघडला तर उघडायचा तोही बुधरामनंच. काट्याच्या हालचालीवरून त्याला पोटातलं दुखणं कळायचं. खोड एकच होती. काटा खाली पडला की त्याच्यानं हातावर हात धरून बसवत नसे. काहीतरी फिरवल्याशिवाय, उघडल्याशिवाय, पुसल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. अधिकारी याच खोडीवर खूश होते. नायब सुभेदारीच्या यादीत त्याचं नाव गेलं होतं आणि यादी एप्रिलात लागायची होती.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये या ट्रकाची चाचणी निघाली. नवीन मुलखात जायचं, तळ ठोकायचा, दक्षिणेतल्या मुख्य स्टेशनाशी दिवसरात्र बोलणं चालू ठेवायचं, आणि शेवटच्या दिवशी जनरलसाहेब स्वतः येऊन बोलणार. नकाशावर बोट फिरवत मेजरसाहेबांनी जी मोकळी जागा पक्की केली, ती निघाली पिंपळटोल्याच्या तलावाची पाळ! बुधरामच्या छातीत काय झालं असेल ते सांगायला नको. चौदा वर्षं ज्या गावाला तो नुसतं सांगत आला होता, त्या गावासमोर आता तो करून दाखवणार होता.

मेजरसाहेब पंजाबकडचे, तरुण, शिस्तीचे. पहिल्याच दिवशी त्यांनी तळाभोवती दोर बांधून हुकूम सोडला की दोराच्या आत बाहेरचा माणूस दिसला तर आणणाऱ्याची खैर नाही. "नान्हे, ये तुम्हारा गाँव है. तुम्हारे लिए हुकूम डबल है," असं त्यांनी वर बजावलं.

शिवरात्र झाली आणि दुसऱ्या दिवशी साडेबाराच्या सुमारास सुखराम पाळीवरून जेवणाचा डबा घेऊन आला. खांद्यावर ओलं फेकजाळं, डब्यात मरळ मासोळीचं कालवण आणि भात. पहारेकरी ओळखीचा झालेला. मेजरसाहेब तंबूत. बुधरामनं इकडंतिकडं पाहिलं आणि दोर उचलला.

"ये. पण उलिसाच वेळ."

"भाऊ, ही तुही तबकडी? बाप्पा!"

मोठा भाऊ सांगत राहिला, धाकटा बघत राहिला. हे असं फिरतं, हे असं झुकतं, दक्षिणेला जरा मावळतीकडं तोंड करून ठेवायचं आणि मग केसभरही हलू द्यायचं नाही. वाऱ्यानं हलू नये म्हणून तबकडीला चार दोर ताणून बांधले होते. सुखरामनं बोलता बोलता खांद्यावरचं जाळं काढलं आणि त्यातल्या एका दोरावर पसरून टाकलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ताणलेला दोर दिसला की ढिवराचा हात जाळं वाळत घालतोच, विचार करून घालत नाही. बुधरामचंही तिकडं लक्ष गेलं नाही, कारण तोही ढिवरच. दोघं ट्रकाच्या सावलीत बसले आणि डबा उघडला.

पाऊण वाजायला आला होता. सेटवरचा शिपाई ओरडला, "उस्ताद, लिंक गया!" उपग्रहाशी जोडलेलं बोलणं तुटलं होतं.

बुधराम उठला आणि पहिली नजर गेली ती जाळ्यावर. ओलं जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या, दोर खाली वाकलेला. जाळं ओढून त्यानं सुखरामच्या अंगावर फेकलं. "पळ! दोराच्या बाहेर हो, आन कोणाले काही सांगू नको!" सुखराम खरकट्या हातानं पळाला. बुधरामनं तबकडीचं चाक केसभर इकडं फिरवलं, केसभर तिकडं, पुन्हा होतं तिथं आणलं, डबीचा खटका फिरवला. सेटमधून नुसती खरखर येत होती. चार मिनिटं गेली असतील, आणि काटा आपोआप वर सरकू लागला. बोल परत आला.

मेजरसाहेब धावत आले. "क्या हुआ?"

खरं सांगायचं तर भावाला आत घेतलं इथपासून सांगावं लागलं असतं. बुधरामच्या तोंडून निघालं, "सर, पहिली डबी गेली. दुसरीवर घेतलं."

"शाबाश," मेजरसाहेब म्हणाले.

लॉगबुकात त्यानं तसंच लिहिलं आणि खाली सही केली. खोटं एकदा बोललं की त्याला हातपाय लावावे लागतात. संध्याकाळी त्यानं ती चांगली धडधाकट डबी काढली, तिला लाल चिठ्ठी बांधली आणि 'खराब' लिहून सामानाच्या पेटीत ठेवली. चौदा वर्षांच्या नोकरीत त्यानं चांगल्या वस्तूला खराब कधी म्हटलं नव्हतं. डबी पेटीत ठेवताना त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सुखरामला त्यानं दोरापाशीच थांबवलं आणि डबा घेऊन परत पाठवलं. आज जाळं नव्हतं, कुणी आत नव्हतं. पाऊण वाजता लिंक गेली! बुधरामनं धावत जाऊन तबकडीजवळची जोडणी उघडली, फडक्यानं पुसली, फुंकर मारली, परत आवळली. पाच मिनिटांत बोल आला. लॉगबुकात लिहिलं, "तलावाच्या दमटपणानं जोडणीत ओल, साफ केली." मेजरसाहेबांनी वाचलं, पण शाबाश म्हणाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी बुधराम साडेबारापासूनच सेटसमोर बसला होता. पाऊण वाजला आणि काटा त्याच्या डोळ्यांदेखत खाली बसला. त्यानं वीज देणारा भाग उघडला, तारा हलवल्या, कपाळावरचा घाम त्या तारांवर टपकला. सहा मिनिटांनी काटा जसा गेला तसा आला. मागं मेजरसाहेब घड्याळ धरून उभे होते.

"तीन दिवस," ते म्हणाले. "एकच वेळ. नान्हे, यंत्र घड्याळ बघून बिघडत नाही. माणूस घड्याळ बघतो." मग पहारेकऱ्याला विचारलं, "इस टाइम पे रोज कौन आता है?"

पहारेकऱ्यानं बुधरामकडं पाहिलं. त्याचंही पाप त्यात होतंच. "एक मछुआरा, साब. डब्बा लेके. बाहर ही रहता है."

"मेरा भाई है, सर," बुधराम म्हणाला.

"अंदर आया था कभी?"

इथं खरं बोलायची दुसरी वेळ होती. बुधरामला ती दिसली, आणि त्या खऱ्यामागं एप्रिलची यादीही दिसली. "नहीं, सर," तो म्हणाला.

मेजरसाहेबांनी पाळीला लागलेला सुखरामचा डोंगा तपासायला लावला. डोंग्यात काय सापडलं? तांब्याच्या तारेचं एक वेटोळं. गळ बांधायला, फुटक्या टोपल्याला टाका घालायला ढिवरांच्या घरी असते तसली तार. पण फौजी माणसाला तार म्हणजे दुसरंच काही दिसतं. उद्या जनरल येणार, आणि कुणीतरी रोज त्याच वेळेला तबकडीत अडथळा घालतंय. मेजरसाहेबांनी ठाण्याला लेखी खबर दिली. दोन वाजता जमादार आला आणि दोरापाशी अडवून ठेवलेल्या सुखरामला सायकलवर पुढं बसवून घेऊन गेला. जाताना सुखरामनं एकदा मागं वळून भावाकडं पाहिलं. बुधराम सावधान उभा होता.

रेवताबाई रोज त्या वेळेला दोराबाहेर मोहाच्या झाडाखाली टोपलं घेऊन बसायची. तळावरचा स्वयंपाकी तिच्याकडून मासोळी घ्यायचा. तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. ती उठली आणि दोरापाशी येऊन जी बोलत सुटली, की स्वयंपाकीही झारा टाकून बाहेर आला.

"माह्या पोराले काहून नेलं? काय केलं त्यानं? मी रोज इथं बसून राहिली, मले नाही दिसत का? तुमच्या त्या परातीच्या तोंडापुढची पेटी हाये ना, तिची सावली सरकत सरकत येते, परातीच्या पोटात बरोबर मधात पडते, का झाली तुमची धावाधाव चालू! सावली मधातून सरकली का बसले पुन्हा थंडे! अन् नाव माह्या सुखऱ्याचं! अन् तू रे? तू भाऊ ना त्याचा? मूग गिळून काय उभा हायेस?"

"माय, घरी जा," बुधराम कसाबसा म्हणाला.

"घरी जातो. तू बी कधीतरी येशीलच घरी," रेवताबाई म्हणाली आणि टोपलं उचलून गेली.

माय गेली, पण तिचं बोलणं तळावरच राहिलं. परातीच्या पोटात, बरोबर मधात. बुधराम तबकडीपुढं जाऊन उभा राहिला. तोंडासमोरच्या पेटीची सावली तबकडीच्या मधोमध पडते, म्हणजे सूर्य कुठं असतो? तबकडी जिकडं बघते बरोबर तिकडं. आणि तबकडी बघते उपग्रहाकडं. म्हणजे त्या सहा मिनिटांत सूर्य उपग्रहाच्या थेट पाठीमागं येतो, आणि सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरींच्या गोंगाटापुढं आभाळातल्या त्या बिचाऱ्या पेटीचा बोल ऐकूच येत नाही.

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. हे तो शिकला होता हो! वहीत लिहिलेलं होतं की वर्षातून दोनदा, मार्चात आणि ऑक्टोबरात, चार-सहा दिवस असं होतं. तळावर तक्ताही आला होता. पण तो दक्षिणेतल्या स्टेशनासाठी केलेला, त्यात तारखा चार-पाच दिवस पुढच्या होत्या, म्हणून सगळे निर्धास्त. सूर्य सध्या दक्षिणेकडून वर सरकतोय आणि आपण त्या स्टेशनाच्या बरेच उत्तरेला आहोत, त्यामुळं आपल्याला तो आधी गाठणार, हे एवढं गणित तक्ता वाचताना कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मेजरसाहेब या कामाला नवे. पण बुधराम नवा नव्हता. पहिल्याच दिवशी त्याला हे सुचायला हवं होतं, आणि जाळं नसतं तर सुचलंही असतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मनात जाळं होतं, म्हणून डोक्यावरचा सूर्य दिसला नाही.

तो तंबूत गेला आणि मेजरसाहेबांना सगळं समजावून सांगितलं. मेजरसाहेबांनी कागदावर गणित केलं, एकदा केलं, दोनदा केलं. मग लॉगबुक उघडलं.

"गणित बरोबर दिसतं. पण पहिल्या दिवशी तर डबी गेली होती. तू लिहिलंयस, तुझी सही आहे. दुसऱ्या दिवशी जोडणीत ओल. मग सूर्य काय तिसऱ्या दिवशी उगवला?"

ही तिसरी वेळ. एवढंच म्हणायचं होतं की सर, ते खोटं आहे. बुधरामचे ओठ हलले आणि शब्द आले ते वेगळेच. "सर, उद्या दाखवतो. उद्या पाऊण वाजता लिंक जाईल आणि आपोआप येईल. कुणी हात लावायचा नाही. मीही नाही."

"उद्या जनरलसाहेब याच वेळी बोलणार आहेत. बोलणं एक वाजता ठेवा म्हणून कळवायचं, तर कशाच्या जोरावर कळवू?" मेजरसाहेबांनी लॉगबुक मिटलं. "ठीक आहे. त्यांच्या समोरच होऊ दे. नाही आली लिंक परत, तर नान्हे, तुझ्या भावाबरोबर तूही."

त्या रात्री तो झोपला नाही. सकाळी ठाण्यावर जाऊन यावं असं त्याच्या मनात आलं आणि तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला जनरलसाहेबांची जीप पाळीवर आली. पांढऱ्या मिशा, हातात वेताची छडी. दोराबाहेर अख्खा पिंपळटोला जमला होता. रेवताबाई मोहाखाली होती, आज टोपल्याविना. मेजरसाहेबांनी जनरलसाहेबांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. जनरलसाहेबांनी भुवया उंचावल्या, फोन घेतला आणि बोलू लागले. आवाज स्वच्छ होता. बारा चाळीस. बारा त्रेचाळीस. बुधराम ट्रकाच्या दारात उभा होता आणि त्याचे डोळे तबकडीवर होते. त्या छोट्या पेटीची सावली परातीच्या कडेकडून मधाकडं सरकत होती, दोन बोटं राहिली, एक बोट राहिलं.

फोनमध्ये खर्र झालं. जनरलसाहेबांनी फोन कानापासून दूर धरला. "गया," ते म्हणाले.

सगळ्या माना बुधरामकडं वळल्या. सेटवरचा शिपाई सवयीनं खटक्याकडं झुकला. "हात नको लावूस!" बुधराम ओरडला. जनरलसमोर कुणी असं ओरडत नसतं. त्यानं स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"क्यों खड़ा है ये?" जनरलसाहेबांनी विचारलं.

"सहा मिनिटं, साहेब," बुधरामच्या तोंडून मराठीतच निघालं.

एक मिनिट गेलं. काटा तळाला. दोन. बुधरामच्या बोटांना कळ लागली, इतकी त्यांना फिरायची सवय होती. आणि आता त्याच्या मनात भलतंच येऊ लागलं. खरंच काही बिघडलं असलं तर? काल तारा हलवताना एखादी सैल राहिली असली तर? नेमकी आजच दुसरी डबी गेली, तर कोण विश्वास ठेवणार? एकदा, फक्त एकदा जोडणी चाचपून बघावी. तीन मिनिटं. मेजरसाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. बुधरामला वाटलं, या हातांनी काही केलं आणि लिंक आली, तर सगळे म्हणतील यानं दुरुस्त केली. मग बिघाड होता असं ठरेल, आणि बिघाड होता तर बिघडवणारा ठाण्यात बसलेलाच आहे. गेले तीन दिवस त्यानं केलं ते हेच होतं. प्रत्येक दुरुस्तीनं त्यानं भावाचा फास आवळला होता. चार मिनिटं. बाहेर कुणीतरी खोकललं. पाच. जनरलसाहेबांनी छडी बुटावर आपटली. बुधराम मनातल्या मनात म्हणत होता, ये, ये बाप्पा, ये.

काटा थरथरला. खाली गेला. पुन्हा थरथरला आणि वर चढू लागला. खरखरीतून आधी नुसता माणसाचा सूर आला, मग शब्द आले, "हॅलो, हॅलो, आवाज आ रही है?"

"आ रही है," जनरलसाहेब म्हणाले आणि हसले. "और हमारे सूरज महाराज भी ठीक हैं."

बुधरामनं हात सोडले तेव्हा मनगटावर नखांच्या खुणा उमटल्या होत्या. जनरलसाहेबांनी जाताना त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि मेजरसाहेबांना त्याचं नाव विचारून घेतलं. असा क्षण चौदा वर्षांत एकदा येतो. बुधरामनं इथं गप्प राहायचं ठरवलं असतं, तर एप्रिलात काय झालं असतं ते उघड आहे.

जीप गेल्यावर मेजरसाहेबांनी कागद घेतला. "ठाण्याला चिठ्ठी देतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचं लिहितो की सूर्यामुळं झालं, माणसाचा हात नाही. पण पहिल्या दिवसाची डबी, नान्हे? ती तर सूर्यानं खराब केली नाही. ती कुणी केली, हा प्रश्न उरतोच, आणि तो उरला तर ते सोडणार नाहीत. तेवढ्यासाठी डबी तपासायला पाठवतो. महिनाभर लागेल. तोवर तुझा भाऊ आत."

महिन्याभरात यादीही लागून गेली असती. बुधराम सावधान झाला.

"सर, डबी चांगली आहे. पहिल्या दिवशीही सूर्यच होता. मी खोटं लिहिलं. भाऊ आत आला होता, मीच आणला. त्यानं दोरावर जाळं टाकलं. मला वाटलं त्यानं तबकडी हलली, म्हणून दडवलं. तुम्ही विचारलं तेव्हाही खोटं बोललो."

मेजरसाहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाखाली आणखी काहीतरी होतं. आपल्या सहीनं एक निर्दोष माणूस रात्रभर कोठडीत बसला, हे त्यांनाही कळलं असावं. "हे काल तंबूत बोलला असतास," ते शेवटी म्हणाले, "तर तुझा भाऊ काल घरी झोपला असता." मग त्यांनी लॉगबुक पुढं सरकवलं. बुधरामनं आपली जुनी ओळ एका रेघेनं खोडली, शेजारी खरं लिहिलं, तारीख घातली आणि सही केली. त्या सहीखाली पुढं मेजरसाहेबांचा लाल शाईतला शेरा पडला, आणि लाल शाई पडलेल्याचं नाव यादीत राहत नाही. मेजरसाहेबांनी चिठ्ठी पूर्ण केली, तीन दिवसांची, आणि स्वतःची जीप दिली.

ठाण्यात जमादारानं चिठ्ठी वाचली, साहेबाला दाखवली आणि सुखरामला बाहेर आणलं. सुखरामचा एक कान सुजला होता आणि सदऱ्याची बाही फाटली होती. बुधरामनं त्याला जीपकडं नेलं, पण सुखराम म्हणाला, "नोको, पायीच जाऊ." मग बुधरामनं जीप परत पाठवली आणि दोघं रस्त्यानं चालू लागले. उन्हं उतरली होती.

"कोणी मारलं?" बुधरामनं विचारलं.

"जाऊ दे ना."

"काय इचारत होते?"

"एकच. आत गेला होता का, तबकडीले हात लावला का." सुखरामनं कानाला हात लावून पाहिला. "मी रातभर एकच सांगत राहिलो, दोराच्या आत पाय ठेवला नाही, जाळं तं घरीच होतं. म्हणलं, तू साहेबाले काय सांगतलं, मले काय माहीत? माहं अन् तुहं वेगळं निघालं तं तुही नौकरी जाईल. तुही सुभेदारी होऊन राहिली, माय सांगत होती. मंग म्हणलं, मारू दे किती मारते तं."

बुधराम रस्त्यातच थांबला. सुखरामही चार पावलं जाऊन थांबला आणि मागं वळला.

"काय झालं गा, भाऊ? आज तरी खरं सांगतलं ना साहेबाले? म्हणून तं सोडलं."

"आज सांगतलं. कालच सांगाले पाहिजे होतं. काल दोनदा इचारलं साहेबानं, मी नाहीच बोललो. तू तिथं मार खात होता, अन् मी..." त्याची नजर सुखरामच्या सुजलेल्या कानावर गेली. "मले भेव वाटला, सुखराम."

सुखरामनं फाटक्या बाहीनं नाक पुसलं.

"भेव तं मलेही वाटत होता, भाऊ," तो म्हणाला.